सातव्या सुनेपर्यंत

सुरुवातीलाच सांगून टाकते, यात मी बरी होत नाही. आजारपणावरचं काही वाचायला घेतलं की माझी सवय होती, आधी शेवटचं पान बघायचं. बाई वाचली ना, एवढी खात्री झाली की चहा ठेवायचा आणि मग निवांत पहिल्यापासून वाचायचं. तुमचे तेवढे कष्ट वाचवते. मी जिवंत आहे, दोन वेळा जेवते, जाडही झाले आहे, आणि पुढच्या वर्षी आजच्यापेक्षा वाईट असणार आहे. डॉक्टरांनी असं म्हटलं नाही. ते फक्त ‘हळूहळू’ म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मग लिहायचं कशाला? तर आमच्या घरी रिपोर्टचं ते मोठं पाकीट आलं तेव्हा हा आजार दिसायला कसा असतो हे सांगणारं कोणी नव्हतं. तुमच्याही कपाटावर असं पाकीट पडलं असेल, तर वाचताना एखादी गोष्ट ओळखीची वाटेल. बाकी उपयोग शून्य.

लिहिण्याची रीत अशी की डोक्यात जेवढं मावेल तेवढं लिहायचं आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशी माझी मुलगी तेजू मागचं मोठ्याने वाचून दाखवते, मग मी पुढे जाते. एखादी गोष्ट दोनदा आलीच, तर ती मुलीने मुद्दाम ठेवली असं समजा.

सहा आकडे

आजाराची सुरुवात गॅसच्या सिलिंडरपासून झाली. मोबाइलवर सहा आकडे येतात, ते बघायचे आणि दुसऱ्या चौकोनात भरायचे. पेण गावातली शेंबडी पोरंही हे करतात. मी आकडे बघितले, चौकोनात आले, दोन भरले. पुढचे बघायला मागे गेले, तर आपण दोन भरले होते की तीन, ते कळेना. तोवर वेळ संपली आणि नवे आकडे आले. ते भरायला गेले तर हाताने जुनेच भरले.

“सिलिंडर नकोसा झाला का तुला? चूल मांडायची?” यांनी विचारलं. हे म्हणजे माझे यजमान, डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्ट करतात. आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसायची सोय होती.

मग चहा. ओटीवर चौघीजणी बसलेल्या. एकीला बिनसाखरेचा, एकीला आलं घालून, एकीला कोरा, एकीला अर्धा कप. ओटीवरून स्वयंपाकघरात जायला आमच्याकडे दहा पावलंही लागत नाहीत. तेवढ्यात सगळं सांडलं. मी सगळ्यांना एकसारखा गोड चहा दिला. माझी मोठी जाऊ, शेवंताबाय, तिला आम्ही सगळे नुसतं बाय म्हणतो, तिने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“गो वैजू, साखरेचा रोग मला एकटीला हाय. तो आता गल्लीत वाटतेस काय?”

गंमत म्हणजे जुनं काहीच जात नव्हतं. माझ्या लग्नात कुठल्या पंगतीला मठ्ठा पुरला नाही आणि त्यावरून कोण रुसलं, ते आजही विचारा. जातं ते फक्त क्षणभर हातात धरायचं असतं ते. त्यामुळे कोणाला संशय आला नाही. विसरभोळी झाली म्हणाले, वयाचं आहे म्हणाले, मोबाइल फार बघते म्हणाले. मी सगळ्यांना ‘हो’ म्हणायचे, कारण समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत आरोप काय होता ते माझ्याकडे उरलेलं नसायचं.

मीठ मागणारी म्हातारी

मला काय गमवायचं होतं ते आत्ताच सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं रडगाणं वाटेल.

मी रोह्याची. माझ्या वडिलांची तिथे पोह्यांची गिरणी होती. सासर पेणला, पण मूळची माणसं खाडीकडची, मिठागरावर राबलेली. आमच्या घरात गौरीच्या पूजेच्या दिवशी, नैवेद्य झाला की एक कहाणी सांगतात. ती कुठे छापलेली नाही. या घरातली एक बाई सांगते, आणि ती थकली की दुसरीला देते. सासूबाईंनी ती बायला न देता मला दिली, कारण बाय कुठलीही गोष्ट सांगताना मध्येच हसते. बायने ते मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे, वर्षातून एकदाच लावून घेते, गौरीच्या आदल्या दिवशी.

कहाणी अशी. गौर म्हातारीचं रूप घेऊन सात जावांच्या दारात मूठभर मीठ मागायला जाते. घरात मिठाच्या राशी, पण पहिली म्हणते मीठ ओलं आहे. दुसरी म्हणते माप सापडत नाही. तिसरी म्हणते सासूला विचारून सांगते. असं करत सातवी. सातवीच्या घरात मीठ नसतंच, तर ती आपल्या पानातलं आळणी कालवण म्हातारीपुढे ठेवते आणि म्हणते, मीठ नाही, पण भूक असेल तर बसा. त्या रात्री उधाण येतं, बांध फुटतो, सहाजणींची मिठाची आगरं वाहून जातात आणि सातवीचं राहतं. मग शेवटचे ते दोन शब्द, सुफळ संपूर्ण.

तिचे नियम आहेत. ऐकणाऱ्या बायका उजव्या मुठीत तांदूळ घेऊन बसतात. कहाणी पुरी झाली की मूठ गौरीपुढे उघडायची, आधी नाही. मध्ये कोणी बोलायचं नाही, नुसतं ‘हूं’ म्हणायचं. जिने सुरुवात केली तिनेच संपवायची, दुसरीने तोंड घालायचं नाही. आणि कागदावर बघून सांगितली तर ती कहाणीच नाही.

सोपी आहे ना? पण हिच्यात एक खोड आहे. प्रत्येक दारात म्हातारी अगदी तेच शब्द बोलते. बाकी तोंड आपोआप चालतं. सांगणारीने फक्त आपण कितव्या दारात आहोत एवढं धरून ठेवायचं असतं.

त्या वर्षी मी पाचव्या दारात अडखळले. म्हातारी दाराशी उभी, आणि आत कोणती सून आहे तेच मला माहीत नाही. बायला तेव्हाच नेमका ठसका लागला आणि ठसका संपेपर्यंत मला पाचवी सापडली. नंतर भांडी घासताना बाय म्हणाली, “मला ठसका लागत नाय, ठाऊक हाय ना तुला? डॉक्टरकडं जा.”

रिपोर्टचा दिवस

पनवेलचे डॉक्टर सभ्य होते. म्हणाले, मी आकडे सांगतो, तुम्ही उलटे सांगा. पाच, दोन, आठ. मी ‘आठ’ म्हटलं आणि उरलेले त्यांच्याकडेच असल्यासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. मग त्या मशीनच्या बोगद्यात घालून फोटो काढले. फोटोत माझा मेंदू फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसत होता आणि त्यावर पांढरे ठिपके. मंडईत असा गड्डा मी घेतला नसता.

ते म्हणाले, मेंदूचे भाग बऱ्यापैकी शाबूत आहेत. त्यांना जोडणाऱ्या तारा झिजत चालल्या आहेत. आठवणी साठवायची जागा आहे, पण काम चालू असताना गोष्ट हातात धरून ठेवायची जी ताकद लागते, ती जाते आहे. रक्तदाब सांभाळू, गोळ्या देऊ. तारा परत येत नाहीत.

मी विचारलं, “गौरीची कहाणी सांगता येईल का?”

डॉक्टरांनी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, “वर्षातून तेवढंच एक काम ती मन लावून करते, साहेब.”

“बघू,” डॉक्टर म्हणाले.

मी लग्नाआधी पुष्कळ ‘बघू’ ऐकलेत. पोहे खाऊन, चहा पिऊन, जिन्यावरून उतरताना म्हटलेले. त्यातला एकही ‘हो’ निघाला नव्हता.

येताना यांनी मोटारसायकल हायवेला थांबवली आणि दोन वडापाव खाल्ले. मला विचारलंही नाही. यांना दुःख झालं की भूक लागते. सासरे गेले तेव्हा यांचं वजन वाढलं होतं. दुसरा वडापाव अर्धा राहिला तेव्हा मला कळलं की हे प्रकरण सासऱ्यांपेक्षा मोठं आहे.

तारांची टोपी

पुढच्या तपासणीसाठी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात दाखल केलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने माझ्या डोक्यावर तारा लावलेली टोपी चढवली आणि प्रत्येक तारेखाली चिकट मलम भरलं. केसांचं काय झालं ते विचारू नका. आरशात मी आंघोळ घातलेल्या मांजरासारखी दिसत होते.

समोरच्या पडद्यावर एकेक अक्षर यायचं. आलेलं अक्षर दोन घरं आधी येऊन गेलं असेल तर बटण दाबायचं. मी सुरुवातीला विचार करून दाबलं, मग अंदाजाने, मग तिला वाईट वाटू नये म्हणून.

झाल्यावर तिने मला पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. तिला वेळ होता, किंवा तिने काढला. म्हणाली, “काकू, ही रेघ कपाळामागची, ही डोक्याच्या मागच्या बाजूची. माणूस एखादी गोष्ट मनात धरून ठेवतो ना, तेव्हा या दोन जागा एका ठेक्यात येतात. ही वर तेव्हा ती वर, ही खाली तेव्हा ती खाली. ठेका जुळला की एकीचं दुसरीला ऐकू जातं. नाही जुळला, तर ही बोलते तेव्हा तिचे कान बंद असतात.”

“आणि माझ्या?”

“दोघी चालल्यात. पण आपापल्या.”

“मग सगळ्या डोक्यालाच एका ठेक्यात आणायचं औषध द्या की.”

ती हसली. “तसं नाही काकू. ज्यांचं काम आहे त्यांनीच जुळायचं. सगळेच एकदम एका ठेक्यात आले, तर त्याला आम्ही फिट म्हणतो. त्यात काहीच पुढे जात नाही.”

मी तिला म्हटलं, म्हणजे आमचे बाबा आणि काका. ती ‘कोण?’ म्हणाली. मग मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

फणसावरून

पोहे करताना भिजवून निथळलेलं भात तापलेल्या वाळूत भाजतात, चाळतात आणि गरम असतानाच चेपायच्या यंत्रात सोडतात. गरम म्हणजे गरमच. जरा थांबलं की दाणा ताठरतो आणि पोह्याऐवजी चुरा पडतो. आमच्या गिरणीत भट्टीवर बाबा, यंत्रावर काका. दोघांचं एका फणसावरून बिनसलं होतं. फणस कोणाच्या बाजूला पडला असा काहीतरी वाद. दोघं वर्षानुवर्षं बोलत नव्हते, पण पोहे रोज निघायचे, आणि सुंदर निघायचे. कारण बाबांचा घाणा भाजून झाला की ते कढईच्या काठावर झारा वाजवायचे, टण्ण, आणि काका त्या आवाजाला यंत्राची झडप उघडायचे. त्यांना शब्द लागत नव्हता. टण्ण आणि झडप, टण्ण आणि झडप. आम्ही पोरं त्या ठेक्यावर पाढे म्हणायचो.

मग एका हंगामात चुरा पडायला लागला. भात तेच, भट्टी तीच, यंत्राला तेलपाणी केलेलं. बाबा म्हणायचे याचा हात गेला, काका म्हणायचे त्याचा अंदाज गेला. पण दोघंही हे म्हणायचे माझ्या आईजवळ. प्रत्यक्षात काकांचे कान गेले होते. बाबा वाजवत होते, काका आपल्या मनाने उघडत होते. एकमेकांशी बोलत असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. फणसाची किंमत आम्ही चुऱ्यात मोजली. शेवटी यंत्रावर दुसरा माणूस बसवला.

डॉक्टरीण म्हणाली, “अगदी असंच, काकू.”

मी म्हटलं, “मग बसवा दुसरा माणूस.”

ती माझ्या केसातलं मलम ओल्या कापसाने पुसत राहिली. एवढ्या मोठ्या रुग्णालयात हे काम तिचं नव्हतं.

शेजारची खाट

वॉर्डात रोज सकाळी एक शिकाऊ डॉक्टर येऊन मला शाळकरी प्रश्न विचारायचा. आज वार कोणता, आपण कुठल्या मजल्यावर, शंभरातून सात वजा करत जा. शेजारच्या खाटेवर महाडकडची एक आजी होती, पाय मोडलेली. तिला माझी फार दया यायची. डॉक्टर वही काढायचा अवकाश, ती चादरीआडून उत्तर सांगायची.

“त्र्याण्णव,” मी ऐकून म्हणायचे.

“पुढे?”

“ऐंशी,” आजी कुजबुजायची. आजीचं गणित कच्चं होतं. माझ्या कागदांवर आजार मूळचा आहे त्यापेक्षा जरा जास्त नोंदला गेला असेल, तर तो आजीचा.

पण ती गेली तेव्हा मला एकटं वाटलं. व्हीलचेअरमधून वळून म्हणाली, “पोरी, उद्या मंगळवार हाय. लक्षात ठेव, विचारील तो.” मी ठेवीन म्हटलं. लिफ्टचं दार बंद झालं आणि मी तिथेच उभी राहिले, हातात काहीतरी दिलं होतं आणि ते काय होतं, हे शोधत.

भांडणं

घरी आल्यावर लोक आले, फळं आली, सल्ले आले. बदाम खा, शब्दकोडी सोडव. शब्दकोड्यातला आडवा शब्द सापडेपर्यंत मी उभ्याचं विसरायचे. तेजू पनवेलला नोकरीला जाते. ती दुपारी फोन करून ‘गॅस बंद?’ विचारायची. मी बघून येते म्हणून आत जायचे आणि तिथे कणीक मळायला बसायचे. फोन ओटीवर बडबडत राहायचा.

पण मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. आमचा संसार भांडणांवर उभा होता. यांनी एक म्हणायचं, मी दोन सुनवायच्या, त्यांनी माझ्या माहेरचा फणस काढायचा, मी त्यांच्या बहिणीचा विषय काढायचा. भांडण ही फार मोठ्या स्मरणाची गोष्ट आहे, हे निरोगी माणसांना कळत नाही. समोरच्याचं पहिलं वाक्य धरून ठेवून तिसऱ्यावर वार करायचा असतो. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू यायचं. हे तीन गोष्टी बोलायचे, मी तिसरीला उत्तर द्यायचे, आणि पहिल्या दोन बिनविरोध मंजूर व्हायच्या. महिनाभर हे प्रत्येक भांडण जिंकत होते.

मग एकदा भाजीत मीठ दोनदा पडलं. मी कमरेला पदर खोचून तयार उभी. यांनी घास घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “चांगली झालीय.”

एवढी भीती मला रिपोर्टच्या दिवशीही वाटली नव्हती.

टकटक

गौरी जवळ आल्या तशी बाय ओटीवर येऊन बसली. “यंदा कहाणी नको. नुसती पूजा करू.”

“का? तुला सांगायचीय?” मी म्हटलं.

“मला सांगता आली असती तर आपल्या सासूनं तुला दिली असती काय?” बाय चिडली. “अर्ध्यात राहिली तर? ती अर्धी टाकून चालत नाय, वैजू. तुला तर ठाऊक हाय.”

मला ठाऊक होतं. अर्धी राहिलेली कहाणी दुसरीला देता येत नाही. पण न सांगितलेलीही देता येत नाही. सांगून पुरी करायची आणि मगच सोपवायची, अशी रीत. मला ती एकदा, शेवटची, नीट पुरी करायची होती आणि तेजूच्या हातात द्यायची होती. यापेक्षा जास्त मी देवाकडे काही मागितलं नाही. मागितलं असेल तर आठवत नाही.

आम्ही दोघी तयारीला लागलो. आधी बोटं मोडून पाहिली. दर दाराला एक बोट मिटायचं. चार बोटं मिटलेला हात माझ्यासमोर यायचा आणि मी विचार करायचे, हा हात असा का धरलाय आपण, दुखतोय का.

उपाय तेजूने काढला. “आई, आजोबांचा झारा! मी वाजवते. पहिल्या दाराला एकदा, दुसऱ्याला दोनदा. मी बोलणार नाही, म्हणजे नियम मोडला नाही. तू फक्त आवाज ऐक आणि त्या दारात जा.”

तिने पाटावर बोटाच्या पेराने वाजवलं. टक. मी पहिल्या दारात गेले. टकटक. दुसऱ्या. माझ्या डोक्यात नसलेला दुसरा माणूस माझ्या शेजारी पाटावर बसला होता. दोन वेळा मी थेट सातवीपर्यंत पोहोचले. दुसऱ्यांदा तर हे आतून बाहेर आले, जरा उभे राहिले, आणि जाऊन त्यांनी सगळ्यांसाठी चहा केला. साखर घालायला विसरले. आम्ही तसाच प्यायलो.

पूजेचा दिवस

गौर नटली होती. तेरड्याची रोपं, हिरवी साडी, नथ. नैवेद्य झाला. गल्लीतल्या बायका दाटीवाटीने बसल्या, बायने सगळ्यांच्या उजव्या हातात तांदूळ दिले, मुठी मिटल्या. मी पाटावर, शेजारी तेजू, तिचा डावा हात मोकळा.

टक. म्हातारी पहिल्या दारात गेली. मीठ ओलं आहे. हूं.

टकटक. माप सापडत नाही. हूं.

टकटकटक. आणि इथे बायकांना वाटलं, यंदा वैजूने काहीतरी नवीन काढलंय. गौरीच्या दिवशी आमच्या बायकांच्या अंगात नाच असतो, ठेका ऐकू आला की हात थांबत नाहीत. समोरच्या एकीने डाव्या हाताने जमिनीवर ठेका धरला. तिचं बघून दुसरीने ताटावर. मग सगळ्यांनीच. उजवी मूठ मिटलेली, डावा हात वाजतोय, माना डोलताहेत, तोंडावर हसू. माझ्यावरच्या मायेनेच धरलेला ठेका होता तो. तेजू डोळ्यांनी ‘नको नको’ म्हणत होती, पण बोलायचं नाही हा नियम. त्यांना वाटलं तीही रंगलीय.

ओटी दणाणत होती. सगळे एका ठेक्यात. माझ्या कानात तीन होते की पाच की पन्नास, काही कळेना. म्हातारी वाटेत उभी राहिली. मग तिला जे दार दिसलं तिथे ती गेली, आणि आतून सून म्हणाली, मीठ ओलं आहे.

हूं, बायका म्हणाल्या. मग एकेकीचा हात थांबला.

मी दुसऱ्या दारात गेले. तिसऱ्या. पुन्हा पहिल्या. आपण फिरतोय हे मला कळत होतं, हे खोटं सांगत नाही. घाण्याच्या बैलालाही कळत असणार. ओटीवर आता समईची वात तडतडलेली ऐकू आली. बाय हसली नाही. या बाईला मी सासऱ्यांच्या तेराव्याला हसताना पाहिलंय.

मग तेजूने एकटीने वाजवलं. स्वच्छ, सावकाश, सात वेळा. म्हणजे मधलं सगळं सोड, शेवटच्या दारात ये, आई. मी मोजलं. एकूण एक टक मोजली. सात. आणि सातापर्यंत पोहोचले तेव्हा आपण हे कशासाठी मोजत होतो ते माझ्याकडे नव्हतं.

मी बायकांना विचारलं, “पुढे काय गो?”

सगळ्यांना येत होतं. कहाणी ऐकून ऐकून सगळ्यांना पाठ आहे. पण जिने सुरुवात केली तिनेच संपवायची. कोणी तरी अगदी हळू ‘हूं’ म्हणालं.

शेवटी बाय उठली, डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. “चल गो वैजू. जेवण निवतंय.”

बायका उठल्या. गौरीपुढे एकीनेही मूठ उघडली नाही. जाताना त्यांनी प्रसाद डाव्या हातात घेतला. आमच्याकडे कोणी डाव्या हातात प्रसाद घेत नाही.

आता

त्यानंतर पाऊस गेला, थंडी गेली. पुन्हा टोपी घातली. रेघा आणखी लांब गेल्या आहेत, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, पण या वेळी त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला नाही. आताशा मी वाक्य जरा लांब झालं की तेजूला विचारते, मी कुठे होते. यांनी घरात मोठ्याने बोलणं सोडलंय. गोळ्या चालू आहेत. ज्यांच्या घरात नवं पाकीट आलंय त्यांना एवढंच सांगेन, आजाऱ्याशी भांडत राहा. हरू द्या त्याला, पण भांडा.

परवा मी बायच्या अंगणात बसले होते. सुपात तिने उन्हाला एक फडक्याची पुरचुंडी सोडून ठेवली होती. त्यात मूठभर तांदूळ, कुंकवाने लाल झालेले.

“हे काय गो, बाय? एवढेसे तांदूळ कोणासाठी?”

“तुझ्या कहाणीचे. उन्हात नाय ठेवले तर कीड लागेल.”

“अजून ठेवलेस?”

“सगळ्यांनीच ठेवलेत. म्हातारी दारातच उभी हाय ना अजून. टाकणार कुठं?”

मी म्हातारीला सातवीपर्यंत नेणार नाही, हे बायला माहीत आहे. मलाही आहे. ही कहाणी तेजूला मिळणार नाही, बायलाही नाही. तांदूळ किती वर्षं राहतात ते मी विचारलं नाही.

बायने सूप उन्हाकडे सरकवलं. “सांग बघू, पहिल्या दारात काय झालं?”

मी सांगितलं. म्हातारी कशी आली, काठी कुठे टेकवली, काय बोलली, सून आतून काय म्हणाली. एक शब्द चुकला नाही. पहिल्या दारातलं मला अजून सगळं येतं.